पहिलं पाणी

मेहरीज, आबान महिना, १३७८

बेमान जान,

सलाम. हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, आधी बस.

तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आगांनी, अंगण खोदलंय. बरोबर मधोमध, जिथे मी डाळिंबाचे दाणे वाळत घालते तिथे. परवा न्याहारी झाली, कुदळ घेतली आणि चकार शब्द न बोलता घाव घालायला सुरुवात. मी म्हटलं, "अहो, कबर खणताय का? तुमची की माझी, तेवढं सांगा." तर म्हणाले, "हौद." म्हटलं, "हौद कशाला? नळ आहे की." तर म्हणाले, "कारंजं." झालं. तेवढ्यावर तोंडाला कुलूप.

दिवसभर मी त्या एका शब्दाशी झगडत होते. हा माणूस तीस वर्षं गावाचा मीराब होता. शीरकूह डोंगराच्या पोटातून कारीझीने, त्या जुन्या भुयारी पाटाने, येणारं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ जायचं ते यांनी ठरवायचं, यांनीच बांध फोडायचा आणि यांनीच बुजवायचा. मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसले तरी मागून आवाज यायचा, "तूबा, हात आखडता घे." भांडी विसळलेलं पाणी पुदिन्याला घातलं नाही म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला धरलेला माणूस आहे हा. आणि आता म्हणतो, पाणी हवेत उडवायचं. नुसतं बघायला!

गावात चर्चेला ऊत आलाय. गोहर खानमच्या दुकानात साखर आणायला गेले तर ती सगळ्यांसमोर म्हणते, "तूबा खानम, मीराबसाहेबांना डॉक्टरांना दाखवा हो. जन्मभर पाण्यात काढलेला माणूस, डोक्यात गेलं असेल." मी हसले. घरी येऊन रडले.

पंप बसवणार नाहीत. पंपाचं नाव काढलं तर असं बघतात की मीच चोरी केली. वरच्या बागेतल्या टाक्यात आपल्या पाळीचं पाणी साठतं ना, तिथून मातीच्या नळ्या गल्लीखालून अंगणात आणायच्या, म्हणजे पाणी स्वतःच्याच जोराने उसळेल, असं त्यांचं गणित. कारंज्यातून पडलेलं पाणी हौदातून खालच्या डाळिंबांना जाईल, त्यामुळे थेंबही वाया जाणार नाही, हे मला चारदा ऐकवून झालंय. कुणासाठी हे सगळं, असं विचारलं. म्हणाले, "कबुतरांसाठी."

सहा वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. तू हाजी सरदारींच्या पिस्त्याच्या बागेत ती खोल विहीर पाडून दिलीस, कारीझीचं पाणी वीतभर उतरलं, आणि यांनी भर मशिदीच्या दारात तुला विचारलं, "माझ्या गावाचं पाणी पिऊन पोट भरलं का?" तू त्याच आठवड्यात बॅग भरून परदेश गाठलास. तेव्हापासून या घरात तू 'तो माणूस' आहेस. काल मात्र टपालवाला दारावरून पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "त्या माणसाचं काही?" मी नाही म्हटलं. पुन्हा खोदायला लागले.

तू मनावर घेऊ नकोस. ये वगैरे मी मुळीच म्हणत नाही. तुझी कामं मोठी.

तुझी मादर,
तूबा


मेहरीज, आझर महिना

बेमान जान,

पत्राला उत्तर नाही, म्हणजे तू कामात असशील. असू दे. तिकडे तुझ्या बायकोकडचे तुला 'बेन' म्हणतात असं हमीदच्या आईकडून कळलं. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. तुझ्याआधीची दोन्ही बाळं गेली म्हणून आम्ही तुझं नाव बेमानअली ठेवलं, राहा बाबा, जाऊ नकोस, म्हणून. बेन म्हणजे काय ते कळव.

घरात अंडी राहिलेली नाहीत. नळ्यांचे सांधे जोडायला चुना, राख आणि चिकणमाती कालवतात, त्यात पाणकणसाचा कापूस घालतात आणि वर अंड्याचा पांढरा बलक ओततात. आगा म्हणे हे त्यांच्या आजोबांकडून शिकलेत. मला सगळे पिवळे बलक उरलेत. रोज तेच खातोय. पाणकणसाचा कापूस माझ्या ओढणीत, चहात, बिछान्यात. मी शिंकले की हे म्हणतात, "तूबा, तिकडे तोंड कर, उडेल." हे मिश्रण एकदा लावलं की कायम ओलं राहावं लागतं, सुकलं की तडकतं, म्हणून रोज गल्लीत पाय आखडून बसतात आणि सांध्यांवर ओली गोणपाटं टाकतात. पोरं विचारतात, "मीराबकाका, कोण आजारी आहे?"

एक गोष्ट सांगते. सांगावी की नाही कळत नाही. पाणी किती चढेल ते बघायला यांनी मागच्या आठवड्यात बोरू कापला. लांब, पोकळ, तू कापायचास तस्साच. टाक्याच्या खालच्या भोकात खोचला आणि वरचं टोक वाकवलं. पाणी वीतभर उसळलं. ते बघत उभे राहिले आणि मग बोरू काढून गुडघ्यावर मोडला. तुला आठवत असेल. तू आठ वर्षांचा होतास, पाटाला बोरू लावून कारंजं केलंस, पाळी दुसऱ्या कुणाची होती, आणि सगळ्या शेतकऱ्यांसमोर यांनी तुझ्या मुस्काटात मारली. मीराबाच्या घरात थेंब सांडत नाही, म्हणाले होते. परवाचा बोरू मोडून झाल्यावर घरी आले आणि वाडगाभर शुलीचं सूप प्याले.

मग आपणहून म्हणाले, "पहिलं पाणी घरच्या मुलाने सोडायचं असतं."
मी म्हटलं, "कुठल्या मुलाने?"
"घरात जो असेल त्याने."
"घरात तर मांजरसुद्धा नाही."
"मग थांबेल पाणी."

कोनाड्यातला नवा समोवार बघून काल मला एकटीलाच हसू आलं. तो जर्मन पाहुणा आठवतो का? आपला जुना समोवार बघून वा वा करायला लागला आणि आगा म्हणाले, "आपलाच आहे, घेऊन जा." बिचाऱ्याने मिठी मारली आणि समोवार काखेत घालून खरंच निघाला! तू हसून हसून गालिच्यावर लोळत होतास. आम्ही महिनाभर किटलीत चहा उकळला, पण हे काही परत मागायला गेले नाहीत. तू तेव्हा म्हणाला होतास, "मादर, त्या लोकांना तारोफ कळत नाही. त्यांना तीनदा नाही म्हणायचं आणि तीनदा विचारायचं हे ठाऊकच नसतं." परदेशी माणसं साधी असतात बिचारी.

जपून राहा.

तूबा


मेहरीज, दय महिना

बेमान, माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. सहा वर्षांत पहिल्यांदा तू विचारलंस, "मादर, नौरोजला येऊ का? दोन आठवड्यांची रजा मिळेल."

छे छे, कशाला एवढा त्रास घेतोस? एवढ्या लांबून यायचं म्हणजे किती दगदग. रजा आपल्या विश्रांतीसाठी ठेव. आम्ही दोघं अगदी मजेत आहोत, आम्हाला काही म्हणजे काही कमी नाही. नौरोज काय, दरवर्षी येतो. आमच्यासाठी तू काम बुडवावंस एवढे आम्ही कोण लागून गेलो? मुळीच येऊ नकोस हो.

सुतार तुझ्या खोलीची खिडकी दुरुस्त करतोय. तुझ्यासाठी म्हणून नाही. थंडी येते आत.

बीट घातलेली शुली तुला अजून आवडते ना? असंच विचारते.

तूबा


मेहरीज, इस्फंद महिना

बेमान जान,

कारंजं तयार आहे.

मधोमध संगमरवराचं डाळिंब बसवलंय, वर मुकुट असलेलं, तफ्त गावच्या पाथरवटाकडून कोरून आणलेलं. मुकुटाच्या पाकळ्यांमधून पाणी उसळणार. हौदाला आतून निळी फरशी. मी म्हटलं, "हिरवी का नाही?" तर म्हणाले, "निळी पाहिजे होती." कुणाला पाहिजे होती ते मला माहीत आहे, तुझी पतंगाची दोरीसुद्धा निळी असायची.

डाळिंबाच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकून ठेवलीय. नळ्यांत पाणी भरून उभं आहे, खुंटी काढायचा अवकाश. शेजारपाजारचे रोज येतात. "मीराबसाहेब, सोडा की आता, बघू तरी!" हे म्हणतात, "नौरोजला." हाजी सरदारीही येऊन गेले, पिस्ते घेऊन. हौदाच्या काठावर बसून म्हणाले, "मीराबसाहेब, तुमच्या कारीझीच्या पाण्यात आता एवढा जीव उरलाय का, डाळिंबावर चढायचा?" यांनी त्यांना चहा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, आणि ते गेल्यावर पिस्ते शेळीला घातले.

तुझ्या खोलीला चुना मारलाय. गादी उसवून लोकर धुतली. हे स्वतः दंडुक्याने झोडपत होते, कंबर धरली तरी थांबेनात. नौरोजच्या हफ्तसीनच्या मांडणीसाठी गहू भिजवलेत, कोंब आलेत. मासे आणलेत, बरणीत आहेत, हौदात सोडायचे नौरोजनंतर.

टपालवाला हल्ली लवकर येतो की उशिरा, याचं गणित मांडण्यात आमची सकाळ जाते. हे दारात स्टूल टाकून बसतात. मी विचारलं तर म्हणतात, "ऊन खातोय." सावलीत बसून.

तुझं पत्र वाटेत असेलच.

तूबा


मेहरीज, फरवर्दीन महिना, १३७९

बेमान,

तुझं नौरोजचं कार्ड मिळालं. त्यावर कांगारू आहे. आत लिहिलंयस, "मादर, तू येऊ नको म्हणालीस म्हणून रजा रद्द केली आणि उत्तरेकडच्या खाणीवर विहिरी पाडायचं मोठं काम घेतलं. बरं झालं, पैसे चांगले आहेत. तिथे टपाल महिनोन् महिने पोचत नाही, काळजी करू नकोस."

मी म्हणाले. हो, म्हणाले मी.

माझ्या पोटात दहा महिने राहिलास (तू उशिरा आलास, तुला तेव्हाही घाई नव्हती), माझ्या हातचं खाऊन वाढलास, आणि मी एकदा 'नको' म्हटलं ते तू घेऊन निघून गेलास, त्या जर्मनासारखा, समोवार काखेत घालून. बेमान, तू एकदाच विचारलंस! अरे, परका पाहुणाही चहाला तीनदा नको म्हणतो. तू सहा वर्षांनी विचारायचंस, आणि पहिल्याच हाकेला मी पदर पसरून "ये रे बाबा" म्हणावं? तुझ्या बायकोच्या माणसांनी वाचलं असतं तर काय म्हटलं असतं, ही बाई मुलाच्या वाटेवर भुकेली बसलीय?

बसलेच होते. भुकेलीच होते. ते तुला कळायला हवं होतं.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मी आगांना वाचून दाखवलं होतं. हे तुला कधी सांगणार नव्हते. हातातली करणी खाली ठेवली त्यांनी.
"किती वेळा विचारलं?"
"एकदा."
"तू काय लिहिलंस?"
"काय लिहिणार? नको म्हटलं."
"बरोबर. अजून दोनदा विचारील." आणि मग म्हणाले, "टपालाला वेळ लागतो. नौरोजपर्यंत जमेल." त्या दिवशी त्यांनी दुपारची झोप घेतली नाही, दोन नळ्या जास्त बसवल्या.

कार्ड आलं तेव्हा मात्र मी वाचून दाखवलं नाही. "कांगारू आहे," म्हटलं. त्यांनी बराच वेळ कांगारू बघितला. म्हणाले, "पोटात पिल्लू आहे त्याच्या."

नौरोजच्या तेराव्या दिवशी सगळं गाव रानात जेवायला गेलं, घरात राहिलं तर अशुभ म्हणून. आगाही गेले, गोहरच्या नवऱ्याने ओढून नेलं. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी घरी थांबले. संध्याकाळी आले तर अंगण ओलं. म्हणाले, "धुतलंस?" म्हटलं, "हो." केवढे चिडले! "एवढ्या पाण्यात एक डाळिंब जगतं, तूबा!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

शेजाऱ्यांना आता सांगतात, "थांबा जरा. घाई कसली?"

मी रागावलेले नाही. रागावलेय, पण तू मनावर घेऊ नकोस.

तूबा


मेहरीज, तीर महिना

बेमान जान,

हे पत्र तुला कधी मिळेल, मिळेल की नाही, माहीत नाही. गोहरच्या दुकानातून फोन लावायला सांगितला, तिकडून एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि फोन गेला. अख्खं दुकान कान देऊन उभं होतं.

म्हणून सरळ लिहिते. आढेवेढे नाहीत, तारोफ नाही. ये. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी निघ.

या वर्षी शीरकूहवर बर्फ पडलाच नाही. आणि तू पाडलेली हाजींची विहीर आटली म्हणून त्यांनी तिच्या बाजूलाच दुसरी पाडलीय, दुप्पट खोल. दिवसरात्र इंजिन चालतं, इथपर्यंत ऐकू येतं. आगा रोज पहाटे कारीझीच्या तोंडाशी जातात, पाण्यात काठी धरतात आणि परत येतात. आधी काठी पोटरीपर्यंत ओली व्हायची, मग घोट्यापर्यंत. आता काठी नेतच नाहीत, नुसते जाऊन येतात. आपल्या पाळीला टाक्यात येतं ते पाणी नळीच्या तोंडाला जेमतेम लागतं. नळ्या कोरड्या पडायला लागल्यात. गोणपाटं भिजवायला मी स्वयंपाकाचं पाणी देते, पण गल्लीभर नळ्या आहेत आणि माझ्याकडे एक बादली.

"सोडा तुम्हीच," मी म्हटलं. "तुम्हीही या घरचे मुलगाच आहात. तुमच्या आईचे."
"थांब," म्हणाले. "अजून पाणी आहे."

डाळिंबं भरायची वेळ आली तरी झाडांना पाणी देत नाहीत, सगळं टाक्यात राखून ठेवतात. खालची झाडं वाळली. ती तुझ्या आजोबांनी लावली होती. मी त्यावर काही बोलत नाही, कारण बोलले तर भांडण होईल आणि भांडायला त्यांच्यात जोर उरलेला नाही.

पाणी अजून आहे, बेमान. थोडं आहे. ये.

तुझी मादर


मेहरीज, शहरिवर महिना

बेमान जान,

सलाम.

पंधरवड्यापूर्वी आपल्या पाळीला टाक्याचा तळ नुसता ओलसर झाला. आगा वर जाऊन आले, हात धुतले, पांढरा सदरा घातला आणि म्हणाले, "तूबा, इकडे ये, उभी राहा." मी कणकेच्या हातानेच गेले. हौदाशी वाकून त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, सलवातची दुआ म्हटली आणि खुंटी ओढली. घट्ट बसली होती, दोन्ही हात लावावे लागले.

डाळिंबाच्या तोंडातून थोडी हवा आली. मग थोडी रेती. मग दगडाला घाम फुटल्यासारखा ओलावा, तोही पाकळ्यांच्या खाली उतरायच्या आत सुकला. बाहेर गल्लीत तीन ठिकाणी माती ओली झाली होती. सांधे उन्हाने तडकले होते. होतं नव्हतं ते पाणी तिथेच मुरलं.

ते काठावर बसले. मग म्हणाले, "सांधे तडकले ते आत्ता. पण तसंही चढलं नसतं. हाजी म्हणाला तेच खरं, या पाण्यात जीवच नव्हता. तीस वर्षं मी गावाला मोजून दिलं आणि मला कळलं नाही त्यात किती जोर आहे."

तेव्हा मी सांगितलं. तुलाही आता सांगते. नौरोजच्या तेराव्या दिवशी सगळे रानात गेले तेव्हा मी खुंटी काढली होती. मला राहवलं नाही. तू येणार नव्हतास, आणि मला एकदा बघायचं होतं. बेमान, ते माझ्या हनुवटीपर्यंत चढलं. देवाशपथ सांगते. सरळ वर, वरती जाऊन फुटायचं आणि निळ्या फरशीवर असा आवाज व्हायचा की छपरावरची सगळी कबुतरं उडाली. मी बरणीतले मासे सोडले हौदात. ओढणी भिजली, चपला भरल्या, आणि मी वेडीसारखी हसत होते. मग खुंटी परत बसेना. पाणी तोंडावर उडत होतं, मी तिच्यावर बसकण मारली तेव्हा कुठे बसली. मासे चिमट्याने धरून परत बरणीत घातले. म्हणूनच अंगण ओलं होतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, हनुवटीवर हात धरून दाखवलं, "इथपर्यंत! इथपर्यंत आलं होतं, आगा!"

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला धडकी भरली. माझ्या हातावरची कणीक पुसली. म्हणाले, "तूबा, तू फार भली बाई आहेस. लग्न झाल्यापासून तू असंच करतेस. कुणाचं मन मोडायचं नाही तुला."

मी कुराण आणलं. म्हटलं, हात ठेवून सांगते. म्हणाले, "ठेव ते. एवढ्याशा गोष्टीसाठी कुराणावर हात ठेवतात का?" मी रडले, ओरडले. जेवढं ओरडले तेवढं त्यांना वाटलं, ही माझ्यासाठी किती करते. तेव्हापासून माझ्याशी फार चांगले वागतात. चहा स्वतः करतात. मला ते सहन होत नाही.

काल तुझं पत्र आलं. माझं फरवर्दीनचं पत्र तुला इतक्या उशिरा मिळालं तर. मग तीरमधलं अजून वाटेतच असेल. ते मिळालं तर वाचू नकोस. तू लिहिलंयस, "मादर, मला कळायला हवं होतं. मेहर महिन्यात येऊ का? आगांना सांग, मी आल्याशिवाय पाणी सोडू नका. पहिलं पाणी मीच सोडणार."

मी त्यांना वाचून दाखवलं. सगळं. हौदाच्या काठावर बसले होते, तिथेच बसतात हल्ली.
"दुसऱ्यांदा विचारलंय," मी म्हटलं.
मान हलवली. डाळिंबाच्या पाकळीवर चिमणीने शिटलं होतं, ते नखाने खरवडलं.
मग म्हणाले, "बेमानला लिही, येऊ नकोस."

सहा वर्षांनी तुझं नाव घेतलं. मी हातातलं पत्र खाली ठेवलं.
"हे तोंडदेखलं म्हणताय की खरं?"
"खरं."
"अहो, तो म्हणतोय येतो म्हणून. आपणहून."
"पाण्याचा माणूस आहे तो, आला की एका नजरेत त्याला सगळं कळेल. त्याने पाडलेली विहीर, मी बांधलेलं हे. मग तो काय बोलणार? काही बोलायचं नाही म्हणून 'फार छान झालंय, आगा,' असं म्हणेल. मला ते ऐकायचं नाही." आणि थोड्या वेळाने, "तिथेच बरा आहे तो. त्याचं काम चालू आहे."

मी रात्रभर विचार केला. माझं काय, असं तू विचारशील. मला तू हवा आहेस. मला कारंजं नको, कारीझ नको, तू दारात उभा राहिलेला हवा आहेस, एवढंच. पण मी इथे त्या माणसाबरोबर राहते. तो या अंगणात तुझ्यासमोर कसा उभा राहील, तेवढं मला बघवणार नाही. दिवाळखोर व्यापाऱ्यासारखा दुकान उघडून दाखवेल तुला, हे बघ, हे बघ, आणि मग तू खोटं बोलशील.

मासे गोहरच्या मुलीला दिलेत. तिच्याकडे काचेची पेटी आहे.

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारली नाही, राहूनच गेलं. कसा आहेस? बायको बरी आहे ना? तिला माझे सलाम.

तू दोनदा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारू नकोस, बेमान. आपल्याकडे तिसऱ्यांदा विचारलं की 'हो' म्हणावंच लागतं.

तूबा